जागा क्रमांक १४३

सोयाबीनच्या तांबेऱ्यावर स्ट्रोब गटातलं औषध मारलं, की अजूनही बऱ्यापैकी काम होतं. द्राक्षाच्या डाऊनीवर याच गटातल्या औषधाचा एकेकाळी मोठा दबदबा होता. आता जाणता बागायतदार त्याच्या एकट्याच्या जिवावर बाग सोडत नाही. नळदुर्गात सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे हा फरक मला वहीतल्या खपावरूनच दिसतो. पावसाळी हवा लांबली की सोयाबीनवाला येऊन नाव घेऊन मागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवाला येतो आणि तीच बाटली हाताने बाजूला सारतो.

आमच्या एका अण्णांकडे दोन्ही पिकं आहेत. त्यांनी एकदा दोन बाटल्या काउंटरवर शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "ताई, घटक तर एकच लिवलाय की दोन्हीवर. मग तिकडं लागू पडतंय अन् हिकडं पडंना, ह्ये कसं?"

कंपनीचा माणूस अशा वेळी डोस, पाण्याचा सामू आणि फवाऱ्याचा नोझल यांवर बोलतो. त्याचंही बरोबर असतं, चुकीच्या नोझलने निम्मं औषध मातीतच जातं. पण अण्णांच्या प्रश्नाचं खरं उत्तर बुरशीच्या पेशीत आहे. त्यासाठी मला वनस्पती रोगशास्त्राच्या वर्गात ऐकलेलं, तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलेलं इंट्रॉन नावाचं प्रकरण पुन्हा उघडावं लागलं.

आधी औषधाबद्दल. स्ट्रोबचा मूळ पदार्थ माणसाने शोधून काढलेला नाही, तो एका छत्रीचा आहे. युरोपात पाइनच्या जमिनीवर पडलेल्या शंकूंवर स्ट्रोबिल्युरस टेनासेलस नावाची बारीक छत्री उगवते. एवढ्याशा शंकूवर दुसऱ्या बुरशीने हक्क सांगू नये म्हणून ती एक विष सोडते. जर्मनीतले टिम आंके आणि वोल्फगांग श्टेग्लिश यांनी १९७७ मध्ये ते वेगळं केलं. मूळ पदार्थ उन्हात टिकत नव्हता. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची बांधणी बदलत बदलत टिकाऊ रूपं काढली आणि १९९६ मध्ये पहिली स्ट्रोब औषधं बाजारात आली. अॅझॉक्सीस्ट्रोबिन त्यातलंच.

हे विष बुरशीच्या मायटोकाँड्रियावर घाव घालतं. पेशी अन्नातून ऊर्जा काढते ती या कणांमध्ये. तिथे सायटोक्रोम बी नावाचं एक प्रथिन आहे आणि स्ट्रोबचा रेणू त्याच्या एका खाचेत जाऊन बसतो. मग ऊर्जेची साखळी तुटते आणि बीजाणू रुजायच्या आतच मरतो. मायटोकाँड्रियाला स्वतःचा डीएनए असतो, केंद्रकातल्या डीएनएपासून अगदी वेगळा. सायटोक्रोम बी कसं बनवायचं हे त्या स्वतंत्र डीएनएमध्ये लिहिलेलं असतं. कारण मायटोकाँड्रिया हे एके काळचे मोकळे जिवाणू. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले.

सायटोक्रोम बी ही अमिनो आम्लांची लांब माळ आहे. तिच्यात १४३व्या जागी ग्लायसिन असतं. डीएनएमधलं एकच अक्षर बदललं की ग्लायसिनच्या जागी अॅलनिन येतं. अॅलनिन किंचित जाडं असल्यामुळे औषधाचा रेणू खाचेत बसत नाही, मात्र प्रथिनाचं काम जवळजवळ पूर्वीसारखंच चालतं. बुरशीच्या बाजूने पाहिलं तर याहून स्वस्तातली सुटका नाही. औषध बाजारात येऊन दोनच वर्षं झाली होती आणि १९९८ मध्ये जर्मनीत गव्हाच्या भुरीत हा बदल सापडला. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या बागांमधल्या डाऊनीत स्ट्रोबला दाद न देणारे नमुने आढळल्याची पहिली नोंद तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. अण्णांच्या बागेत काय घडलं ते एवढ्यावरून कळतं. (डाऊनी ही काटेकोर अर्थाने बुरशी नाही. नात्याने ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळची आहे. पण फवारणीच्या वेळापत्रकात हा भेद कोणी पाळत नाही आणि इथे त्याने फरकही पडत नाही.)

प्रश्न तांबेऱ्याचा राहतो. त्यालाही सायटोक्रोम बी आहे, १४३वी जागा आहे, तिथे ग्लायसिनही आहे. अक्षर चुकीचं उमटण्याची शक्यता त्याच्यातही डाऊनीइतकीच. मग जगभर इतकी वर्षं स्ट्रोब फवारूनही तांबेऱ्याने हा सोपा रस्ता का धरला नाही?

कारण तांबेऱ्याच्या जनुकात १४३व्या जागेला अगदी खेटून इंट्रॉन आहे.

जनुक म्हणजे अक्षरांची सलग ओळ आणि त्या ओळीवरून प्रथिन, असंच १९७७ पर्यंत सगळे मानत होते. त्या वर्षी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांना, स्वतंत्रपणे काम करताना, एका विषाणूच्या जनुकात भलताच मजकूर घुसलेला दिसला. पेशी आधी सगळ्याची आरएनए प्रत काढते, मग त्यातला हा मधला मजकूर कापून फेकते, उरलेली टोकं सांधते आणि तेव्हा कुठे प्रथिन बनतं. या फेकल्या जाणाऱ्या तुकड्याला इंट्रॉन म्हणतात. दोघांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं. मायटोकाँड्रियातले इंट्रॉन आणखी चमत्कारिक निघाले. त्यातले काही स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडतात, प्रथिनाच्या मदतीशिवाय. या जातीचं पहिलं उदाहरण थॉमस चेक यांना १९८२ मध्ये एका पाण्यातल्या एकपेशीय जिवात मिळालं. आरएनए नुसता निरोप्या नसून कामही करतो हे त्यातून कळलं आणि त्याबद्दल १९८९ चं नोबेल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्याबरोबर मिळालं.

असं कापायचं तर कुठे कापायचं हे आधी ओळखता यायला हवं. इंट्रॉन घडी घालून एक आकार घेतो आणि घडी घालताना शेजारच्या जनुकातल्या काही अक्षरांशी जोडी जमवतो. तांबेऱ्यात या शेजारच्या अक्षरांत १४३व्या जागेची अक्षरंही येतात. ते एक अक्षर बदललं की जोडी जमत नाही, इंट्रॉन बाहेर पडत नाही आणि सायटोक्रोम बी तयारच होत नाही. औषधापासून वाचवणारा बदल असा तांबेऱ्याच्याच जिवावर उठतो. ग्रासो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निरनिराळ्या रोगकारक बुरशींची ही जनुकं शेजारी शेजारी मांडली. तांबेऱ्यांमध्ये त्या जागी इंट्रॉन दिसला, बटाटा-टोमॅटोवरच्या करप्याच्या अल्टरनेरिया सोलानीतही दिसला. त्याच अल्टरनेरिया कुळातल्या अल्टरनेरिया अल्टरनाटात मात्र तो नाही, आणि तिच्यात प्रतिकार सर्रास सापडतो. एकाच कुळातल्या दोन बुरशी, आणि फरक एका फेकून द्यायच्या तुकड्याचा.

हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, इंट्रॉन शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. मग वाटलं, नाही, तो बुरशीच्या विरुद्ध आहे. खरं तर तो कोणाच्याच बाजूचा नाही. त्याचा उपयोग काय हा प्रश्नच मला आता जरा उलटा वाटतो. तो तिथे का आहे याचं उत्तर एवढंच की तो तिथे शिरू शकला आणि बुरशीला तो काढता आला नाही.

शिरतो कसा, याचं गणित यीस्टमध्ये सुटलं. फ्रान्समध्ये जिफ-सुर-इव्हेत इथे पिओत्र स्लोनिम्स्की यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमाराला यीस्टचे संकर करताना एक विचित्र गोष्ट दिसली. ओमेगा नावाची एक खूण एका पालकात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तरी जवळजवळ सगळ्या पिल्लांत ती यायची. वारशाच्या नेहमीच्या हिशोबात हे बसत नव्हतं. पुढे कळलं की ओमेगा हा इंट्रॉन आहे आणि त्याच्या आत एका कात्रीसारख्या विकराचं जनुक आहे. ते विकर इंट्रॉन नसलेल्या प्रतीतली १८ अक्षरांची एक ठराविक ओळ ओळखून तिथेच डीएनए कापतं. पेशी घाव भरून काढताना इंट्रॉन असलेली प्रत समोर ठेवते, त्यामुळे भरलेल्या जागी इंट्रॉनही उतरतो.

आमच्या नळदुर्गचा खंडोबा वर्षातला थोडा काळ इथे मैलारपूरच्या देवळात असतो आणि बाकीचा अणदूरला. मूर्ती एकच, देवळं दोन. देव नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो आणि देव अणदूरला निघाला की इथला गाभारा रिकामा होतो. इंट्रॉनचं जाणंही असंच ठरल्या जागी असतं, वाटेल तिथे नाही. फक्त तो करार करत नाही, आणि नव्या देवळात बसला तरी जुनं सोडत नाही.

जुनी जागा न सोडता नवी पकडत जाणाऱ्याचं पुढे काय होतं ते बघायचं तर बटण मशरूम घ्यावं. सोलापूरच्या भाजीबाजारात प्लास्टिकच्या डबीत मिळतं ते पांढरं. २०१० मध्ये त्याच्या मायटोकाँड्रियातल्या, ऊर्जेच्याच साखळीतल्या कॉक्स-१ या एका जनुकाचा पूर्ण पाठ फ्रान्समधल्या गटाने प्रसिद्ध केला. प्रथिन बनवायला लागणारी अक्षरं दीड हजाराच्या आसपास. जनुकाची लांबी मात्र २९,९०२ अक्षरं. मधे १९ इंट्रॉन. घडीच्या आकारावरून अशा इंट्रॉनचे दोन गट मानतात, त्यातले १८ पहिल्या गटातले आणि एक दुसऱ्या गटातला. तोवर माहीत असलेलं ते मायटोकाँड्रियातलं सगळ्यात लांब जनुक होतं. म्हणजे भाजीतल्या त्या मशरूमची प्रत्येक पेशी या जनुकाची प्रत काढते, तिच्यातला बहुतेक भाग कापून टाकते आणि मग श्वास घेते. माणसाच्या मायटोकाँड्रियात इंट्रॉन एकही नाही. प्राण्यांनी तो डीएनए आटोपशीर ठेवला, बुरशींनी ठेवला नाही. का ठेवला नाही याची कारणं अनेकांनी मांडली आहेत, माझं समाधान कोणत्याच एकाने होत नाही.

इंट्रॉन नेहमी निरुपद्रवी असतो असंही नाही. शेणावर उगवणाऱ्या पोडोस्पोरा अन्सेरिना या बुरशीला म्हातारपण येतं. ठराविक वाढीनंतर तिची वाढ खुंटते आणि ती मरते. म्हाताऱ्या पोडोस्पोरात डीएनएची असंख्य छोटी वर्तुळं साचलेली सापडतात. ती वर्तुळं म्हणजे याच कॉक्स-१ जनुकाचा पहिला इंट्रॉन, सुटा होऊन वाढत सुटलेला. तोच इंट्रॉन जनुकात बसलेला असताना तिचं काही बिघडत नाही.

यीस्टमधला आणखी एक इंट्रॉन आपल्या गोष्टीला चिकटलेला आहे. सायटोक्रोम बीच्या जनुकात तो नेमका १४३व्या जागेनंतर बसतो. १९८० मध्ये लाझोव्स्का, झाक आणि स्लोनिम्स्की यांनी दाखवलं की हा इंट्रॉन स्वतःच्या कापणीला मदत करणारं प्रथिन स्वतःच बनवतो. काम झालं की इंट्रॉन जातो, त्यामुळे ते प्रथिन बनवणारा मजकूरही जातो. २०११ मध्ये ब्रिजिट म्यूनिए यांच्या गटाने, त्याच जिफमध्ये, त्या यीस्टच्या १४३व्या जागी औषधाला दाद न देणारा बदल घडवून पाहिला. अंदाजाप्रमाणे कापणी अडखळली आणि यीस्टचा श्वास मंदावला. पण काही यीस्ट पेशींनी यातूनही वाट काढली, आणि त्यातली एक वाट म्हणजे इंट्रॉनच जनुकातून गाळून टाकणं. दुकानदार म्हणून मला या शोधाची जरा धास्ती वाटते. तांबेऱ्याची ढाल कायमची आहे असं मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगू शकत नाही. ब्राझीलमध्ये सोयाबीनच्या तांबेऱ्याने तर १४३ला हात न लावता १२९व्या जागी बदल करून घेतला. त्याने मिळणारं संरक्षण कमी ताकदीचं असतं, पण असतं.

इंट्रॉन बुरशीपुरता नाही. झाडांच्या मायटोकाँड्रियातही तो सापडला, १९८१ मध्ये, मक्याच्या कॉक्स-२ जनुकात. फॉक्स आणि लीव्हर यांनी तो शोधला. मका म्हणजे आपल्या ज्वारीची जवळची नातलग, म्हणून मला हा शोध घरचा वाटतो. झाडांतली कथा मात्र बुरशीहून फार वेगळी आहे. बुरशीत इंट्रॉन येतात आणि जातात. द्राक्षावर राखाडी कुज आणणाऱ्या बोट्रायटिसच्या काही वाणांत १४३चा इंट्रॉन आहे, काहींत नाही. जात एकच, कदाचित बागही एकच. फुलझाडांत मात्र वीस-पंचवीस इंट्रॉन आहेत आणि जवळजवळ सगळे कोट्यवधी वर्षं त्याच त्या जागी मुक्काम ठोकून आहेत. हे बहुतेक दुसऱ्या गटातले. असे इंट्रॉन आजही जिवाणूंत फिरताना दिसतात, त्यामुळे मायटोकाँड्रियाच्या जिवाणू पूर्वजाबरोबरच या गटाने पेशीत पाऊल टाकलं असावं असं मानतात. केंद्रकातल्या आपल्या लाखो इंट्रॉनचा उगमही इथेच असावा, असा बहुतेक अभ्यासकांचा कल आहे.

झाडांतल्या या इंट्रॉनची जागा सुटली नाही, पण फिरण्याची ताकद मात्र गेली. घडी घालण्याची कुवतही ढिली पडली. काही ठिकाणी तर इंट्रॉन मधोमध तुटला आणि दोन तुकडे डीएनएमध्ये लांब लांब जाऊन पडले. फुलझाडांचं नॅड-१ हे जनुक असं विखुरलेलं आहे. त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांचे आरएनए वेगवेगळे तयार होतात, मग एकमेकांना शोधून जुळतात. हे १९९१ मध्ये गहू आणि ओइनोथेरा या फुलझाडात दिसलं. पुढे नेचे आणि शृंगशेवाळं यांच्यात तेच इंट्रॉन अखंड सापडले, म्हणजे तुटणं नंतरचं. १९९७ मध्ये अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या नातलग रोपट्याचा मायटोकाँड्रियाचा डीएनए पूर्ण वाचला तेव्हा ३,६६,९२४ अक्षरांत २३ इंट्रॉन मिळाले, त्यातले पाच असे तुटलेले.

इतकी मोडतोड सावरायची तर मदतनीस लागणारच. ते केंद्रकातून येतात, डझनांनी. एकेक प्रथिन एखाद्या ठराविक इंट्रॉनच्या कापणीला हात देतं. मक्यात असा एखादा मदतनीस बिघडला की नॅड गटातलं जनुक नीट सांधलं जात नाही आणि कणसात पोचट दाणे दिसतात. मका-संशोधकांनी अशा बिघाडांना ज्या नावांनी नोंदलं त्यातली काही रिकाम्या दाण्यावरूनच पडली आहेत. आपल्याकडे पोचट दाणा दिसला की पाणी, झिंक, बोरॉन यांचा विचार होतो आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तोच बरोबर असतो.

माझ्या दुकानापुढच्या रस्त्याने गेलं तर हैदराबादच्या अलीकडे पटंचेरूला इक्रिसॅट ही पीक संशोधन संस्था आहे. तिथे तुरीचे संकरित वाण करायला नर-वंध्य ओळी वापरतात. परागकणच तयार होत नाहीत, म्हणून बीजोत्पादन सोपं. हे वंध्यत्व मायटोकाँड्रियातून, आईकडून येतं. आयसीपीए २०३९ या ओळीत त्याचा माग नॅड-७ जनुकाच्या एका तुकड्यापर्यंत लागला, जिथे १० अक्षरं गळालेली आहेत. फुलझाडांत नॅड-७ सहसा चार इंट्रॉननी तोडलेलं असतं. इथे दोष इंट्रॉनचा आहे असं मी म्हणत नाही. एवढंच, की तुकड्यातुकड्यांत राहणाऱ्या जनुकांच्या या प्रदेशात तुरीचं बियाणंही येऊन अडकतं.

झाडांच्या या स्थिर संसाराला एक अपवाद आहे. विड्याच्या पानाच्या कुळातली पेपरोमिया कुंडीत बऱ्याच घरी दिसते. तिच्या कॉक्स-१ मध्ये १९९५ मध्ये पहिल्या गटातला एक इंट्रॉन सापडला, आणि तो बुरशीकडून आलेला दिसत होता. जेफ्री पामर यांच्या गटाने १९९८ मध्ये वनस्पतींचे ३३५ वंश (जीनस) तपासले, तेव्हा फुलझाडांच्या ४८ वंशांत तो मिळाला. पण नातेसंबंधांचा काही मेळ बसेना. सख्ख्या भावंडांत एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही. त्यांनी हिशोब मांडला की या ४८ मध्ये तो ३२ वेगवेगळ्या वेळा बाहेरून आला असणार, आणि सगळी फुलझाडं धरली तर हजाराहून जास्त वेळा. काहींनी नंतर आक्षेप घेतला की इतकी उड्डाणं मानण्यापेक्षा तो आधी आला आणि पुष्कळांनी गमावला असं मानणं सोपं. मला पामर यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण घुसताना इंट्रॉन शेजारची दोनचार अक्षरंही बदलून जातो आणि ते ठसे त्यांनी जागोजाग दाखवले. बुरशीतून झाडात एकदा, आणि मग झाडातून झाडात. कोणत्या वाटेने, हे अजून नीट उलगडलेलं नाही. परजीवी वेलींवर काहींचा संशय आहे.

यातलं किती अण्णांना सांगितलं? तांबेऱ्यात एक तुकडा आहे, डाऊनीत नाही, एवढं. आणि व्यवहाराचं: द्राक्षावर गट क्रमांक ११ चं, म्हणजे स्ट्रोबचं, औषध पुन्हा पुन्हा मारू नका, मारायचंच तर दुसऱ्या गटाच्या जोडीने. सोयाबीनवरही एकटं नको, ट्रायझोल सोबत असलेलं घ्या, ब्राझीलमध्ये जे झालं ते इथे व्हायला वेळ लागणार नाही. खरं तर कोणत्या रोगकारकाकडे १४३चा इंट्रॉन आहे हे सल्ल्याच्या पत्रकात एका ओळीत छापायला हरकत नसावी. शेतकऱ्याला कळत नाही म्हणून छापत नाहीत म्हणे. अण्णांना तर लगेच कळलं.

त्यांनी ऐकून घेतलं, दोन्ही बाटल्या परत हातात घेतल्या आणि म्हणाले, "आन् आमच्या वेलीलाबी मायटोकाँड्रिया हाय म्हन्ता नव्हं? मग ह्या औषधानं वेल कशी मरंना?"

बहुतेक औषध पानावरच्या मेणातच राहतं, आत जाईल तेवढं लवकर मोडतं, आणि झाडाकडे ती बंद पडलेली साखळी टाळून जाणारी एक आडवाटही आहे, असं मी सांगितलं. आणि हेही, की अॅझॉक्सीस्ट्रोबिनने सफरचंदाच्या काही वाणांची पानं आणि फळं खराब होतात, म्हणून तिकडे ते जपून वापरतात. अण्णांनी चष्मा चढवला आणि बाटली उलटी करून त्या बारीक छापील मजकुरात सफरचंदाबद्दल काही आहे का ते शोधायला लागले.